खोटी वाचलेली पाटी

अग्निशमन सप्ताहात धुळ्याच्या एका कॉलेजात शंभर वर्षांपूर्वीचा विदेशी मूकपट दाखवायचं ठरलं. गोष्ट बंबावरच्या जवानांचीच होती. मधल्या इंग्रजी पाट्या माइकवर मराठीत वाचून दाखवायचं काम प्राध्यापिका दिपमालानं घेतलं. पाहुण्या म्हणून शिंदखेड्याच्या सुनंदाबाईंनाही तिनंच बोलावलं. त्यांचे यजमान निंबाभाऊ अग्निशमन दलात होते. तीन वर्षांपूर्वी नरडाण्याकडे कापसाचं गोदाम पेटलं, तेव्हा ते आतच राहिले.

दिपमालानं चित्रपट आधी अर्धाच पाहिला होता. घोड्यांनी ओढलेला बंब, खांबावरून घसरत येणारे जवान. तिला वाटलं, पुढंही असंच हसतंखेळतं असेल. पेपर तपासायचे होते, म्हणून तिनं तो बंद केला होता.

उत्तरार्धात गिरणी पेटली. आगीच्या दृश्यासाठी रंगवलेल्या फितीनं पडदा लालसर झाला. एक जवान आत शिरला आणि छप्पर कोसळलं. त्याची बायको गर्दीतून धावत आली. बंबावरच्या साहेबानं तिला अडवून काही सांगितलं, आणि पाटी आली : ‘तुझा नवरा गेला.’

पहिल्या रांगेत सुनंदाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. दिपमालाचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

“तुझा नवरा जिवंत आहे,” तिनं वाचलं. “त्याला दवाखान्यात नेलंय.”

पण पडद्यावर जवानांनी टोप्या काढल्या आणि ती बाई रस्त्यातच खाली बसली. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. उरलेल्या पाट्या दिपमालानं कशाबशा संपवल्या.

सत्कार झाला, सभागृह रिकामं झालं. सुनंदाबाई मात्र जागेवरून उठल्या नाहीत. दिपमाला जवळ आली तशी त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं,

“बेटा, तठे खरं काय लिखेल व्हतं?”

“गेला, असं होतं,” दिपमाला खाली बघत म्हणाली. “तुम्हाला त्रास होईल म्हणून मी...”

“माले बी असंच सांगं व्हतं. जित्ता शेतस, दवाखानामा लई गयात. मी डबा करा. शिंदखेडापाईन धुळालगून मांडीवर धरीसन बसनी. गाडीमा बठ्ठासले माहीत व्हतं. फक्त माले नही.”

त्यांचा आवाज शांत होता. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दिपमालाला वाटलं. जे त्यांच्या बाबतीत एकदा झालं, तेच तिनं भरल्या सभागृहात, माइकवरून पुन्हा केलं होतं.

“अक्का, माझं चुकलं.”

“ते ऱ्हाऊ दे. तेवढं परत दाखाड. आन खरं वाच.”

मागं प्रोजेक्टर आवरत असलेल्या शिपाई नीलेशनं तो पुन्हा जोडला. साहेब बाईपाशी आला. पाटी आली. दिपमालानं ती वाचली. मधेच तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही.

सुनंदाबाई पडद्याकडे एकटक बघत होत्या.

“लगेच सांगं त्या साहेबनी,” त्या म्हणाल्या. “बेस करं.”

दिपमाला त्यांना बसस्टँडवर सोडायला गेली. सुनंदाबाईंनीच शिंदखेड्याची बस कुठं लागते ते दाखवलं, खिडकीशी बसल्या, आणि तिला घरी जायला सांगितलं. बस निघून गेली तरी दिपमाला फलाटावरच उभी होती.