डोक्यातला ब्रेक ऐकणारी टोपी

डोकं जरा इकडं करा, मी टोपी बोलतेय. माकडटोपी नव्हे हं! मी रबरी पट्ट्यांची आणि बारीक चकत्यांची टोपी. प्रत्येक चकतीला एक वायर. कुणाच्या डोक्यावर बसले, की आतल्या विजेच्या लाटा मला कळतात आणि संगणकावर त्यांच्या रेघा उमटतात.

माझा जन्म पुण्याचा. तिथून कोल्हापुरातल्या एका कॉलेजात अनुजा मॅडमच्या हाती आले. माणूस स्वतःला आवरतो, तेव्हा बायकांच्या आणि पुरुषांच्या मेंदूत काय वेगळं घडतं, याचा त्या अभ्यास करतात. पहिल्याच दिवशी माझी फजिती! इथल्या मुलीही मुलांसारखं 'मी आलो, मी बसलो' म्हणतात. नुसतं बोलणं ऐकून बाई-पुरुष ठरवले असते, तर अख्खा अभ्यास पंचगंगेत गेला असता.

एका सकाळी स्नेहल आणि अमरसिंह आले. कॉलेजपासूनची मैत्री, नुकताच साखरपुडा झालेला. अमरसिंह जवळच्याच गडमुडशिंगी गावचा. मनानं लोणी, पण पेटला की गवताची गंजी. आदल्याच आठवड्यात पाणीपुरी तिखट दिली नाही म्हणून त्यानं गाडेवाल्याची कॉलर धरली होती. स्नेहलनं बजावलं होतं, "असंच चालणार असंल तर लगीन न्हाय."

"बाप्या माणसाचा मेंदूच तसा असतोय गं," खुर्चीत बसताना तो म्हणाला. "आमच्यात ब्रेकच बसवलेला न्हाय. आमचं हंबीरराव काकाबी हेच म्हणत्यात."

"बघूया की. त्यासाठीच घिऊन आलो मी तुला," स्नेहल म्हणाली.

मॅडमनी मला अमरसिंहच्या डोक्यावर बसवून माझ्या चकत्यांखाली चिकट जेल भरलं. आरशासमोर तासभर बसवलेल्या केसांचा चिखल झाला आणि बिचाऱ्याचा जीव वरखाली! मग खेळ सुरू झाला. पडद्यावर गोल आला की बटण दाबायचं, चौकोन आला की हात आवरायचा. गोल, गोल, गोल... आणि मध्येच चौकोन!

काय सांगू, मला तर गुदगुल्या व्हायला लागल्या. चौकोन दिसला, की त्याच्या कपाळामागं अशी उंच लाट उठायची, आणि बोट जागच्या जागी! नंतर स्नेहलच्या डोक्यावर बसले. तिची लाट ठेंगणी, पण जास्त वेळ रेंगाळणारी. चुका मात्र दोघांच्या जवळजवळ सारख्याच.

"मग भारी मेंदू कुणाचा?" अमरसिंहनं विचारलं.

मॅडम हसल्या. "कुणाचाच नाही. आणि तुम्हा दोघांवरून बायका अशा नि पुरुष तसे, असंही म्हणता येत नाही. पुष्कळ माणसं तपासली, की कधीकधी सरासरीत थोडा फरक दिसतो. वाट वेगळी असेल, पण थांबता तुम्हा दोघांनाही येतं."

"ऐकलास न्हवं?" स्नेहलनं टाळीच वाजवली. "ब्रेक हाय तुझ्यात! तू दाबत न्हाईस!"

अमरसिंहचं तोंड एवढंसं झालं. काकांनी दिलेली सबब गेली, आता लग्नही जातंय की काय!

मला धुऊन खिडकीत वाळत घातलं, म्हणून पुढचं सगळं दिसलं. खाली एक मोटार मागं येताना अमरसिंहच्या नव्या मोटारसायकलला धडकली. गाडी आडवी! त्याच्या मुठी आवळल्या, मान लाल झाली. माझ्या वायरी ताठ. आणि मग हळूहळू मुठी सुटल्या.

"ऱ्हाऊ दे पावणं," तो म्हणाला, "जरा उचलू लागा."

मी आनंदानं डोलणार, एवढ्यात आरोळी आली, "ऱ्हाऊ दे काय ऱ्हाऊ दे?" स्नेहल! हातात चप्पल! "डोळं घरात ठिवून आलाय व्हय वो?"

मोटारवाला मोटारीमागं लपला. अमरसिंहनं धावत जाऊन तिचा हात धरला. "अगं थांब की! ब्रेक तुझ्यातबी हाय न्हवं?"

स्नेहल थबकली. तिनं हातातल्या चपलेकडं पाहिलं आणि अशी हसत सुटली, की पायरीवरच बसली. तोही हसला. मोटारीमागून तो पावणाही हसला.

"लगीन करूया," डोळे पुसत ती म्हणाली. "पर एक पेटला की दुसऱ्यानं थांबायचं. पाळीपाळीनं!"

त्यांच्या लग्नाचे पेढे सगळ्या प्रयोगशाळेनं खाल्ले. मला तोंडच नाही, मी नुसता वास घेतला.

आता माझं रबर सैल झालंय, दोन चकत्या मुक्या झाल्यात. नवी टोपी आली, की मी काचेच्या कपाटात जाणार, शाळेच्या मुलांना दाखवायला. पण माझी हौस अजून फिटलेली नाही. आलात तर मॅडमना सांगून मला एकदा डोक्यावर घ्या. फक्त मंडळी, तेल चोपडून येऊ नका. घसरते मी!