मिटलेल्या डोळ्यांची पाहणी

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात अधूनमधून एस.टी. गाड्या बंद राहायच्या, त्या दिवसांतली गोष्ट. शाळेतली पोरं तंबाखू किती खातात याची पाहणी करायला येणारी डॉक्टरीण म्हणूनच दसरा उलटल्यावर पोचली. तोवर ताडकळसच्या अलीकडच्या आमच्या गावातून ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागल्या होत्या.

आसाराम आणि कडूबाई दरसाल तोडीला जायचे. लेक मनकर्णा नववीत. तिनं बरोबर यावं, खोपीवर भाकरी थापाव्या, धाकट्याला सांभाळावं, असा आसारामचा सरळ विचार. शाळेतल्या एकमेव शिक्षिका पार्वतीबाई त्याच्या घरी जाऊन बसल्या होत्या. "आजीपाशी राहू द्या तिला. माझी नजर राहील. तुमच्या नावाला बट्टा लागू देणार नाही." आसाराम कसाबसा कबूल झाला होता.

डॉक्टरीण शहरातली, पोरगेलीच. नववीच्या मुलींच्या वर्गात येऊन तिनं विचारलं, "तंबाखू कोण खातं?"

मुली तोंडावर हात घेऊन हसल्या. तंबाखू बाप्यांनी खायची. "आमी न्हाई, बाई."

"आणि मिसरी?"

मुलींना प्रश्नच कळला नाही. मिसरी काय खायची वस्तू आहे? तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बारीक करायची आणि बोटानं दाताला लावायची. ते तोंड धुणं. देवाला फूल वाहायच्या आधी करायची गोष्ट, तिला व्यसन कोण म्हणेल?

"तीही तंबाखूच," डॉक्टरीण म्हणाली. "मी नाव विचारणार नाही. सगळ्यांनी डोळे मिटा. लावत असाल तर हात वर करा. कुणी कुणाला बघणार नाही."

शहरात मिटत असतील डोळे. आमच्या पोरींनी बोटांच्या फटी ठेवल्या, आणि खिडकीला आठवीची पोरं लटकलेली होतीच. मनकर्णानं मात्र डोळे मिटले ते नाकाला सुरकुत्या पडेपर्यंत. सांगितलेलं ऐकायचं, हा तिचा जुना रोग. तिनं हात वर केला. सगळ्यांचेच वर असतील असं तिला वाटलं. लावत तर सगळ्याच होत्या.

मागं भिंतीला टेकून पार्वतीबाई उभ्या होत्या. त्यांना तो एकटाच हात दिसला. त्यांच्या पिशवीतही मिसरीची डबी होती. आपणही हात वर करावा असं त्यांच्या मनात आलं. पण हेडमास्तर दारात होते, पोरं खिडकीत होती, आणि बाईंचा हात पदर सारखा करण्यात गुंतला.

"तंबाखूवाली," खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

मनकर्णानं डोळे उघडले. शेजारणींकडं बघितलं, मग बाईंकडं. हात खाली घ्यायचंही तिला सुचलं नाही.

दिवस मावळेपर्यंत बातमी पारावर गेली. पारावरचे झाडून सगळे गालात तंबाखूचा बार धरून बसलेले, पण लाज त्यांनाच जास्त वाटली. "आसाराम, लेक लय पुढं गेली म्हणं. तंबाखू खाती, अन् वर हात करून सांगती." आसारामचंही तोंड भरलेलं होतं.

त्याला काय सांगायचं हे ठरवण्यातच पार्वतीबाईंचा वेळ गेला. बाजाराच्या दिवशी त्या त्याच्या घरी गेल्या. ओट्यावर मनकर्णाची आजी, गोजरबाई, मिसरी लावत बसली होती.

"गाडी कालच गेली, बाई."

"मनकर्णाला ठेवणार होते ना?"

"ठिवनार व्हते. आसाराम म्हनला, बाईंची नजर असताना पोरगी तंबाकू खायला लागली, नजर नसती तर काय केलं असतं." आजीनं बाजूला थुंकून तोंड पुसलं. "पयला दात पडला तवा मीच लावली तिच्या बोटाला. दात घट राहत्यात म्हनून. ही तंबाकू हाय असं मला कुनी सांगितलंच न्हाई. मी तिला म्हनलं, बाकीच्या पोरीबी लावत्यात, सांग की बापाला. तर म्हनली, ज्येचा हात त्येनं वर करावा, आज्जे. मी कशाला धरून करू?"

बोलता बोलता आजीनं डबी पुढं केली. घरी आलेल्या बाईमाणसाला चहाच्या आधी तीच विचारायची रीत. बाईंचं बोट सवयीनं पुढं झालं आणि डबीच्या काठाशी थांबलं.

"लावा की. तुमीबी लावता, मला ठावं हाय." आजीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात त्यांनी खडू हातात घेतलाच नाही. "डोळे उघडे ठेवा," म्हणाल्या. "मिसरी कोण कोण लावतं?" आणि आधी स्वतःचा हात वर केला.

मुली एकमेकींकडं बघत राहिल्या. मग पंचफुलाचा हात उठला, तिच्या शेजारणीचा उठला, आणि मग मागच्या ओळी. मोजणारी डॉक्टरीण केव्हाच निघून गेली होती.

"बाई," पंचफुला म्हणाली, "मनकर्णा आली की तिच्या बापाला सांगू आमी. सगळ्याजणी जाऊन सांगू."

बाईंनी मान हलवली. गाड्या परत यायच्या चैत्र-वैशाखात, आणि तोवर नववीची परीक्षा होऊन गेलेली असायची. मुली हात तसेच धरून बसल्या होत्या. खाली घ्या म्हणायचं बाईंना सुचेना.