नन्नाने पास केलेलं इंजिन

नन्नाने आजवर एकही इंजिन पास केलेलं नव्हतं. जुनं विमान विकत घेण्याआधी लोक धावपट्टीच्या कडेच्या त्या हँगरमध्ये इंजिन तपासायला आणत, आणि नन्ना काही ना काही खोट काढून देई. खोट खरीच असे, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण दुसरा कुणी जिथे 'एवढं चालतं' म्हणून सोडून देई, तिथे हा मान हलवी. त्याचा नन्नाचा पाढा ऐकून कुणीतरी हे नाव ठेवलं, आणि ते अंगाला ग्रीससारखं चिकटलं.

लोकांना वाटे, पोरगा कडक आहे. पोरगा कडक नव्हता. पोरगा घाबरट होता.

हँगरच्या मालकांचा, म्हणजे काकांचा, नियम होता: ज्याने इंजिन पास केलं त्याने पहिल्या उड्डाणाला मागच्या सीटवर बसायचं. दुसऱ्या कुणी नाही. "आपला जीव आत असला की माणूस नट नीट आवळतो," काका म्हणत. नन्ना नट नीटच आवळायचा. पण स्टुलावर चढून बल्ब बदलायचा झाला तरी तो आधी आईला फोन करी.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग ताईने विमान घ्यायचं ठरवलं.

ताई त्याची सख्खी मोठी बहीण. लहानपणी ती घसरगुंडीवरून उलटी घसरायची आणि तो खाली उभा राहून तिच्या चपला सांभाळायचा. मोठेपणी ती विमान चालवायला शिकली. चपला सांभाळायचं काम तेवढं सुटलं.

विकणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर होते. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, लावलेलं चार जणांचं विमान त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. इंजिन गरम असताना तपासायचं म्हणून त्यांनी ते आधी फिरवून आणलं आणि झाकण उघडल्या उघडल्या टॉर्च घेऊन हजर झाले.

नन्नाने एकेका सिलिंडरमध्ये हवा भरून कान लावला. हवा एक्झॉस्टमधून फुसफुसली तर व्हॉल्व्ह गेला, तेलाच्या तोंडातून फुसफुसली तर रिंगा गेल्या. काहीच फुसफुसलं नाही. त्याने पुन्हा एकदा कान लावून पाहिला.

मग प्लगच्या भोकातून त्याने बारीक कॅमेरा आत सोडला. डॉक्टर सवयीने म्हणाले, "आ करा." व्हॉल्व्हची तोंडं स्वच्छ, सगळीकडे सारखी भाजलेली.

"कीड नाही," डॉक्टर म्हणाले.

तेलाचा फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या. धातूचा कण नाही. टर्बोचं चाक बोटाने फिरवलं. ते लोण्यात फिरावं तसं फिरलं. इतकं निरोगी इंजिन त्याने पाहिलं नव्हतं. एखाद्याचे सगळे रिपोर्ट चांगले आले आणि तो ढसाढसा रडला, तशी त्याची अवस्था झाली.

"काय रे, घाम का फुटलाय?" ताईने विचारलं.

"उकडतंय."

"पास म्हणायची वेळ आली की काय तुझ्यावर?"

काका लांबून खदखदून हसले. नन्ना आरसा आणि टॉर्च घेऊन टर्बोच्या मागे घुसला. तपासायचं होतंच, पण खरं म्हणजे तोंड लपवायचं होतं.

तिथे एक पट्टा असतो. इंजिनातून निघालेली धगधगती हवा ज्या पाइपातून जाते, तो पाइप टर्बोला धरून ठेवणारा. बोटभर रुंद. तो तुटला तर पाइप निसटतो आणि ती आग थेट इंधनाच्या नळ्यांवर फुंकली जाते. विझवायला वर कुणी येत नाही.

पट्ट्याच्या मागच्या बाजूला, वेल्डिंगच्या जोडाखालून, राखी रंगाचा एक ओघळ आला होता. नन्नाने आरसा तिरका केला. ओघळाच्या मुळाशी केसासारखी रेघ होती.

त्याला आनंद झाला. तो आनंद घटकाभर टिकला. कारण ही रेघ त्याने 'नाही' म्हणता यावं म्हणून उकरून काढलेली नव्हती. ती खरोखर धोक्याची होती.

"ताई, नको. पट्ट्याला चीर आहे."

"झालं!" ताई म्हणाली. "मागच्या विमानाला काय होतं? नटाचा रंग उडाला होता."

"ताई, खरंच."

डॉक्टरांनी आरशात डोकावून पाहिलं. "ओरखडा आहे हो. असे ओरखडे माझ्या प्रत्येक पेशंटच्या दातावर असतात."

"पट्टा काढून बघू या ना."

"उद्या बघू. मी आज उडवून बघणार आहे," ताई म्हणाली. "तू नाही म्हणालास ना? मग तुला बसायचंही नाही. सुटलास. हे विमान सोडलं तर तू पुढच्यालाही नाहीच म्हणशील, आणि मी म्हातारी होईन."

तिने चष्मा घातला. डॉक्टर तिच्या शेजारी बसले, सीटचे पट्टे लावले, खिशातून बडीशेप काढून तिला दिली. झाकण बंद झालं. ती रेघ आत गेली.

नन्ना खाली उभा राहिला. सुटला होता. पाय जमिनीवर, जमीन जागेवर, सगळं त्याच्या मनासारखं. फक्त ताई वर जाणार होती आणि या वेळी तिने चपला घातलेल्या होत्या.

तो भिंतीकडे पळाला, लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं खुंटीवरून उचललं, आणि डोळे मिटून पंखावर चढला.

"काय करतोयस?" ताई ओरडली.

"मागच्या सीटवर बसतोय."

"नाही म्हणणाऱ्याला बसता येत नाही. काकांचा नियम आहे."

नन्नाने नळकांडं मांडीवर घेतलं, पोटाशी धरलं आणि वरून सीटचा पट्टा आवळला. त्याचे दात वाजत होते. डॉक्टरांनी व्यावसायिक काळजीने मागे वळून पाहिलं.

"पास," नन्ना म्हणाला.

हँगरमध्ये काकांच्या हातातला पाना खाली पडला.

"काय म्हणालास?" ताईने विचारलं.

"पास. इंजिन पास आहे. चल."

ताईचा हात स्टार्टरच्या किल्लीवर होता. तो तिथेच थांबला. तिने मान वळवून मागे पाहिलं. तिचा भाऊ जत्रेतल्या पाळण्यात न बसणारा, गच्चीच्या मधोमध उभा राहणारा, पुलावरून जाताना मंत्र पुटपुटणारा. तो विमानात बसला होता. आणि तो हो म्हणत होता.

तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"तू असं बोलू नकोस रे," ती हळूच म्हणाली. "नाही म्हण."

"पास."

"नाही म्हण म्हणते ना!"

"मघाशी म्हणालो होतो," नन्ना म्हणाला.

ताईने किल्ली काढून खिशात घातली. "डॉक्टर, उतरा."

काकांनी झाकण उघडलं आणि पट्ट्याचा नट सैल केला. जेमतेम सैल झाला असेल, तोच पट्टा टक् करून उघडला आणि दोन तुकडे काकांच्या हातात आले. त्यांनी ते ताईपुढे धरले.

डॉक्टर अवजारांच्या पेटीवर बसले. त्यांच्या हातातली बडीशेप जमिनीवर सांडली.

"काल नातीला फिरवून आणलं," ते म्हणाले. "ती म्हणत होती, आजोबा, अजून वर."

ताई बराच वेळ त्या तुकड्यांच्या कडांवरून बोट फिरवत होती. एका तुकड्याची कड जुनी, काळी होती. तेवढं आधीच तुटलेलं. चकचकीत, नवी कड नखाएवढीच होती. इतका वेळ सगळं तेवढ्यावर लटकलं होतं.

मग तिला आठवण झाली. ती विमानाकडे वळली.

"उतर रे आता."

नन्ना जागचा हलला नाही. नळकांडं तसंच पोटाशी धरलेलं.

"उतर ना. झालं सगळं."

"जरा थांब."

"का?"

त्याने खिडकीतून खाली पाहिलं आणि घाईने डोळे मिटले. पंख जमिनीपासून गुडघ्याएवढा उंच होता.

"चढताना बघितलं नव्हतं," तो म्हणाला.

ताई पंखावर चढली. एका हाताने तिने त्याचं नळकांडं काढून घेतलं, दुसरा त्याच्यापुढे धरला. तो हातही थरथरत होता, म्हणून त्याने तो धरला.