वर्गात कुणीच बसलं नव्हतं

संख्याशास्त्र विभागात वर्गनिरीक्षणाचे फॉर्म भरायला जेमतेम पंचवीस मिनिटं लागायची, आणि तीही चहा यायला उशीर झाला तर. विद्यापीठाचा नियम असा होता की, प्रत्येक प्राध्यापकाच्या वर्गात दुसऱ्या प्राध्यापकाने वर्षातून तीनदा पूर्ण तास बसायचं, काय चांगलं आणि काय कमी ते लिहायचं, आणि मग दोघांनी त्यावर बोलायचं. प्रत्यक्षात सगळे विभागप्रमुखांच्या टेबलाभोवती जमायचे, एकमेकांचे फॉर्म ओढून घ्यायचे आणि वरपासून खालपर्यंत 'उत्तम'वर खुणा करत सुटायचे. एकजण कॅलेंडर बघून तारखा सांगायचा, म्हणजे चुकून रविवार पडायला नको.

विभागप्रमुख सर सव्वीस वर्षं शिकवत होते. शिकवणं अंगातच असावं लागतं, असं त्यांचं ठाम मत होतं. तळमजल्यावर सायकलस्टँडला लागून अध्यापक साहाय्य केंद्राची खोली होती. तिथे वर्गाचं चित्रण करायला एक कॅमेरा, पुस्तकांचं एक कपाट आणि शिकवण्यातल्या अडचणींवर तासन्‌तास बोलायला तयार असलेल्या एक बाई होत्या. सर त्या खोलीला 'दुरुस्तीचं दुकान' म्हणायचे. तिकडे जाताना कुणी दिसलं की स्टाफरूममध्ये दिवसभर त्याची टर उडवली जायची, त्यामुळे बाईंच्या समोरची खुर्ची बहुतेक रिकामीच असायची. दवाखान्याची पायरी चढणाऱ्याला आपण कधी हसतो का? पण इतकी शिकलेली माणसं हे करायची, आणि वर मुलं हल्ली लक्षच देत नाहीत म्हणून नाकाने कांदे सोलायची.

त्या वर्षी विभागात एक नव्या मॅडम लागल्या. संशोधनात हुशार, पण वर्गापुढे कधी उभ्या न राहिलेल्या. नोकरी अजून कायम व्हायची होती. पहिल्या वर्षाचा एकशे दहा मुलांचा वर्ग इतर कुणालाच नको असल्यामुळे तो त्यांच्या गळ्यात मारण्यात आला. खडूची पेटी हातात दिली, वर्गाचा रस्ता दाखवला, की झालं विभागाचं काम.

फॉर्मच्या शेवटी, शिकवणाऱ्याने स्वतः भरायचा, 'मदत हवी आहे का?' असा एक रकाना होता. तिथे मॅडमनी सात ओळी लिहिल्या होत्या. मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात, पण त्यांना काही कळत नाही. आपलं कुठे चुकतंय ते आपल्याला दिसत नाही. कुणीतरी वर्गात बसून सांगावं, अशी विनंती होती. सरांनी ते वाचलं आणि त्यांना बोलावून घेतलं. असलं काही कागदावर ठेवायचं नसतं, उद्या तुमच्यावरच उलटेल, असं समजावून त्यांनी कोरा फॉर्म पुढे केला. मॅडमनी पेन उचललं आणि त्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं. सरांनी जुना फॉर्म फाडून टाकला. एका नवख्या पोरीला आपण सांभाळून घेतलं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

निकाल लागला तेव्हा एकशे दहापैकी एकाहत्तर मुलं नापास झाली होती.

विद्यापीठाने चौकशी समिती नेमली आणि मॅडमना पत्र पाठवलं. विभागप्रमुखांनी सही केलेले वर्गनिरीक्षणाचे तिन्ही अहवाल उत्तम आहेत, मदत नको असं आपण स्वतः लिहून दिलं आहे, तेव्हा हा निकाल केवळ आपल्या हलगर्जीपणामुळे लागला आहे. आपल्याला सेवेत का ठेवावं, याचा खुलासा सोमवारी समितीपुढे करावा. ते पत्र घेऊन मॅडम थेट सरांच्या खोलीत शिरल्या. सरांनी बसा म्हटलं, तरी त्या बसल्या नाहीत.

"सर, तुम्ही माझ्या वर्गात कधी आला होतात?"

"तारखा फॉर्मवर आहेत की."

"त्यातल्या दहा तारखेला मी तापाने घरी पडले होते. माझी रजा तुम्हीच मंजूर केलीत. त्या दिवशी माझ्या वर्गात तुम्हाला काय उत्तम दिसलं?"

सरांना राग आला. त्यांचा आवाज चढला. तुमच्या भल्यासाठीच केलं, दुसऱ्या कुणी तुमचा तो फॉर्म जसाच्या तसा वर पाठवला असता, केल्याची जाण ठेवायला शिका, असं ते बरंच बोलले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "मी बुडतेय असं लिहून दिलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते फाडून, मला पोहता येतं असं माझ्याकडून लिहून घेतलंत." आणि त्या निघून गेल्या.

संध्याकाळी सर धुसफुसत घरी आले. घरी त्यांची थोरली बहीण होती. तिला सगळे ताई म्हणत. एकतीस वर्षं रुग्णालयात नर्स म्हणून राबून ती निवृत्त झाली होती आणि भावाकडेच राहत होती. ती शेंगा निवडत होती. चांगुलपणाला जग राहिलं नाही, अशी सुरुवात करून सरांनी सगळी कहाणी तिला ऐकवली. ताई आपलीच बाजू घेईल, याची त्यांना खात्री होती. तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"माझ्या वॉर्डात नवी मुलगी पहिलं इंजेक्शन द्यायची ना, तेव्हा मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी असायचे," ती म्हणाली. "तिचा हात थरथरला तर वर माझा हात असायचा. तू शंभर पोरं तिच्या हातात दिलीस आणि बाहेरून कडी लावून घेतलीस."

"शिकवणं वेगळं असतं, ताई. ते अंगात असावं लागतं."

"तुझ्या अंगात होतं? पहिल्या वर्षी कॉलेजला निघायच्या आधी तुला रोज उलट्या व्हायच्या. आई मला पत्रातून कळवायची. तुला कुणी मदत केली नाही, म्हणून तू आता दुसऱ्याला करत नाहीस, एवढंच आहे हे. आणि एक सांग मला, तू हळूहळू शिकलास ते ठीक, पण तू शिकत होतास तेव्हा समोर जी पोरं बसली होती, त्यांचं काय झालं?"

सरांनी हा प्रश्न सव्वीस वर्षांत एकदाही स्वतःला विचारला नव्हता. ती मुलं! पहिल्या दोन-तीन वर्षांतले ते गोंधळलेले चेहरे त्यांना आठवू लागले, नावं मात्र आठवेनात. मघापर्यंत मॅडमवर असलेला सगळा राग आता त्यांच्या स्वतःवरच उलटला होता.

सोमवारी समितीच्या खोलीत मॅडम भिंतीलगतच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. अध्यक्षांनी तीन अहवाल वाचले आणि ते शाबासकी दिल्याच्या सुरात म्हणाले की, विभागाने तर आपलं काम चोख केलेलं दिसतंय. सर उभे राहिले.

"या तिन्ही अहवालांवर माझी सही आहे आणि तिन्ही खोटे आहेत. मी यांच्या वर्गात एक मिनिटही बसलेलो नाही. यांनी लेखी मदत मागितली होती. तो कागद मी फाडला."

अध्यक्षांनी घसा खाकरून सुचवलं की, हे इतिवृत्तात न घेतलेलंच बरं, उगाच विभागाची शोभा होईल. तेव्हा सरांनी टेबलावर हात आपटला. "शोभा होऊ दे! आम्ही सगळे हेच करतो, साहेब. खोट्या खुणा आमच्या, आणि नोकरी जाणार हिची? लिहा माझं नाव."

नाव लिहिलं गेलं. सरांचं विभागप्रमुखपद गेलं. मॅडमना आणखी एक वर्ष मिळालं, आणि सुट्टीत त्या एकाहत्तर मुलांना पुन्हा शिकवायचं ठरलं. शेवटच्या बाकावर केंद्रातल्या बाई वही घेऊन बसणार होत्या आणि त्यांच्या शेजारी सर. मॅडमनी सरांचे आभार मानले नाहीत, आणि त्यांनी ते का मानावेत?

पहिल्या दिवशी बावन्न मुलं आली. एकोणीस आलीच नाहीत. सरांनी ऑफिसातून यादी मागवली आणि एकेका घरी फोन लावला. चौथा फोन एका मुलीच्या आईने उचलला. पोरीने शिक्षण सोडलंय, आता ती दुकानात कामाला जाते, असं आईने सांगितलं. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तिला वाटतं सर, तीच ढ आहे. आम्ही पण तिला तेच बोललो."

सरांनी हातातली यादी खाली ठेवली.

"ती ढ नाही हो," ते म्हणाले. "चूक आमची होती. तिला फोनवर द्या, मी तिलाच सांगतो."

मंडळी, शिक्षकाला मदत लागते यात कसलाही कमीपणा नाही. कमीपणा आहे तो मदत मागणाऱ्याचं तोंड 'उत्तम' म्हणून बंद करण्यात. तुमच्या कचेरीत, शाळेत, कॉलेजात अशी न बघता केलेली खूण दिसली, तर तिला आपलेपणा म्हणू नका. ती कुणाच्या तरी लेकरावर जाऊन पडते, आणि ते लेकरू आयुष्यभर स्वतःलाच दोष देत बसतं.