दारावरचं डांबर

जहागीरदाराच्या नदीतला सॅमन मासा अंधारात उचलणं म्हणजे चोरी, असं आमच्या गावात कुणी मानत नाही. नदी देवाची, मासा ज्याच्या हाती लागेल त्याचा. पण क्लाइप करणाऱ्याला माफी नाही! क्लाइप करणं म्हणजे आपल्याच माणसाची चहाडी वरच्यांच्या कानी घालणं. शाळेतले म्हातारे मास्तर सांगायचे की, फार पूर्वी या शब्दाचा अर्थ हाक मारणं, नाव घेणं, एवढाच होता. मग लोक साहेबापुढं शेजाऱ्याचं नाव घ्यायला लागले आणि चांगला शब्द नासला. आमची पोरं बोलायला लागली की आधी हेच शिकतात: मार खा, पण क्लाइप करू नकोस. फार काय, क्लाइप कुणी केलं हे सांगणंसुद्धा क्लाइपच!

एफी अडकली ती इथंच.

तिच्या नवऱ्यानं, डॉडनं, रात्री मासा आणला आणि जळणासाठी वाळवलेल्या पीट-मातीच्या ढिगात लपवला. दुपारी नदीचा रखवालदार पोलिसाला घेऊन आला. इकडं नाही की तिकडं नाही, थेट ढिगाशीच गेला. मासा सापडला, जाळं जप्त झालं, वर कोर्टाचं बोलावणं.

"ढिगाचं फक्त तुला ठाऊक होतं," डॉड म्हणाला. "'सोडा हा नाद, सोडा हा नाद' म्हणून वर्षभर डोकं खाल्लंस. झालं आता मनासारखं?"

पण आणखी एकीला ठाऊक होतं. सकाळी तिची बहीण नॅन गरम स्कोन-पाव घेऊन आली होती, तेव्हा एफीनंच हसत हसत तिला ढीग दाखवला होता.

ती तडक नॅनकडे गेली. नॅन पीठ मळत होती. मान वर करेना.

"नॅने, तू?"

"माझ्या टॅमला रखवालदाराच्या हाताखाली काम मिळतंय, एफे. किती दिवस घरात बसायचं माझ्या नवऱ्यानं?"

"आणि माझा संसार?"

"मग सांग की डॉडला! बहिणीनं क्लाइप केलं म्हण. मग तू कोण ठरशील?"

पाठची बहीण ती! कडेवर घेऊन वाढवलेली. आईनं दोघींना शिकवलेला धडा तिनं एफीच्याच गळ्यात धोंड्यासारखा बांधला. एफीला रडू आलं नाही, अंगाची लाहीलाही झाली.

संध्याकाळी डॉडनं विचारलं, "तू नाहीस ना? मग कोण, ते तरी बोल."

नाव अगदी ओठांवर आलं. एफीनं ते गिळलं. "मी नाही. एवढंच सांगते."

"कळलं," म्हणून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

सकाळी त्यांच्या दारावर, होडीला लावतात त्या डांबरानं, हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं: क्लाइप. थोड्याच वेळात रॉकेल आणि ब्रश घेऊन नॅन हजर.

"अगं बाई, काय ही माणसं!" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ती ओरडली. "माझ्या बहिणीच्या दारावर असलं लिहितात! हात झडो मेल्यांचे!"

एफी तिच्याजवळ वाकली. "नीट घास," ती हळूच म्हणाली. "तुझंच नाव आहे."

नॅनचा हात थांबला. पण समोरच्या खिडक्यांचे पडदे हलत होते. ती पुन्हा घासायला लागली, आधीपेक्षा जोरात.

एफी आत आली आणि डॉडपुढं चहा ठेवला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"दार कोण घासतंय?"

"नॅन."

"बघ," डॉड म्हणाला, "बहीण असावी तर अशी."