पापणीचा पांढरा केस

बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिच्या डोळ्यात थेंब टाकायचं काम घड्याळजींनी आपल्याकडे घेतलं. घरात त्यांच्याइतका स्थिर हात कुणाचाच नव्हता. बाटलीत दोन औषधं एकत्र होती: एक जंतू मारणारं आणि दुसरं, म्हणजे स्टेरॉइड, सूज उतरवणारं. बाटली आधी हलवायची, हे ते कधी विसरत नसत. घड्याळ हलवून चालू करू पाहणाऱ्या गिऱ्हाइकांना मात्र ते दुकानातून जवळजवळ हाकलून देत.

त्याच सुमारास त्यांचा उजवा डोळा, ज्याला ते भिंग लावत तोच, लाल झाला. खुपू लागला. औषध घरात होतंच. बायको अंघोळीला गेली की ते आरशासमोर उभे राहत. घड्याळात तेल वरून सोडत नाहीत. सुई टेकवतात, म्हणजे ते जागेवर बसतं. हाताला तीच सवय. बाटलीचं तोंड ते पापणीला टेकवत आणि मग दाबत.

लाली लवकरच उतरली. नजर मात्र धुरकट होऊ लागली. घड्याळजींनी भिंग पुसलं. पुन्हा पुसलं.

एका सकाळी ते थेंब टाकायला वाकले, तशी बायको म्हणाली, "थांबा. बाटलीच्या तोंडाला केस आहे. पापणीचा."

"तुझाच असेल."

"माझे काळे आहेत. हा पांढरा आहे." नव्या डोळ्यानं तिला आता सगळंच दिसत होतं, छताची कोळिष्टकंसुद्धा. "अहो, माझ्या औषधावर कधीपासून डल्ला मारताय?"

"जरा लाल झाला होता डोळा. एकाच बाटलीतून दोघांनी घेतलं तर काय बिघडलं?"

"काही नाही. उद्यापासून टूथब्रशही एकच वापरू."

ते हसले. ती हसली नाही. "तुमचं काही माझ्या डोळ्यात गेलं असेल तर?"

घड्याळजींनी बाटलीला टोपण लावलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी तिचा डोळा तपासला. तेवढा वेळ घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. ते मागे पडलं होतं.

"यांचा डोळा आज स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "ही बाटली फेकून द्या, नवी घ्या. थेंब सांगितल्याप्रमाणेच कमी करत आणायचे, मध्येच बंद करायचे नाहीत. दुखलं, लाल झालं, अंधुक दिसलं, तर लगेच या."

मग त्यांनी घड्याळजींच्या डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब घालून निळा उजेड टाकला. बुबुळावर फांदीसारखी जखम उठून दिसली.

"हा विषाणू आहे. त्या बाटलीतल्या जंतूंच्या औषधाला तो दाद देत नाही. स्टेरॉइडनं लाली दाबली आणि आत तो पसरत राहिला."

"पण बरं वाटत होतं."

"घड्याळाचे काटे काढले की ते चुकीची वेळ दाखवत नाही. म्हणून दुरुस्त झालं का?"

घड्याळजींनी खूप हळू विचारलं, "भिंग लावता येईल ना?"

"डाग राहू नये म्हणून प्रयत्न करू. तूर्त नाही."

दुपारी दुकानाला कुलूप होतं. बायकोनं साबणानं हात धुतले. "मान मागे." तिनं त्यांची खालची पापणी ओढली आणि त्यांच्या वेगळ्या औषधाची बाटली वर धरली. थेंब गालावर पडला.

"नेम चुकला," घड्याळजी म्हणाले. "जरा जवळ आण."

"चुकू दे. टेकवणार नाही."

दुसरा थेंब डोळ्यात पडला.

"आता मिटा. नाकाजवळचा कोपरा हलकेच दाबून धरा. आणि बडबड बंद."