मार्केलच्या बदल्यात

मी एक जुना लोखंडी फळा आहे, मित्रांनो. खडूचा नव्हे. माझ्या पांढऱ्या अंगावर लोहचुंबकाच्या पट्ट्या चिकटतात आणि प्रत्येक पट्टीवर एका माणसाचं नाव असतं. अमेरिकेतल्या मिल्वॉकीच्या एका कारखान्यात मला ठोकून सरळ केलं, रंग चढवला आणि डुलूथच्या फुटबॉल संघाच्या कचेरीत भिंतीला टांगलं. हा फुटबॉल लांबट चेंडूचा, हातात घेऊन पळायचा. कचेरीच्या खिडकीतून तळं दिसतं. एप्रिल आला तरी त्यावर बर्फ तरंगत असतो.

एप्रिलमध्येच माझा सण असे. त्याला ड्राफ्ट म्हणतात. कॉलेजातले नवे खेळाडू निवडायच्या सात फेऱ्या होतात आणि सगळे संघ आळीपाळीने एकेक नाव उचलतात. त्या दिवशी आडदांड माणसंसुद्धा माझ्यासमोर हलक्या आवाजात बोलत. एक पट्टी वीतभर वर सरके आणि दूर कुठल्यातरी गावात एखादी आई आनंदाने ओरडत रस्त्यावर येई. एवढं मोठं काही माझ्या अंगावरून जात असे, याचं मला अजून नवल वाटतं.

मार्केल टिब्सची पट्टी मात्र सातही फेऱ्यांत जागची हलली नाही. तो मिसिसिपीचा, बारीक अंगाचा, बचावात मागे खेळणारा. कोणीच घेतला नाही म्हणून आमच्या ओटिस कोचनी त्याला फुकटात बोलावून घेतलं. आणि मग, मित्रांनो, काय सांगू! समोरच्या पडद्यावर सामने लागत, म्हणून मी सगळं पाहिलं आहे. चेंडू कुठे पडणार हे त्याला फेकणाऱ्याच्याही आधी कळे. पहिल्या फेरीतले भलेभले माझ्या अंगावरून गेले, पण असा एकही पाहिला नाही.

तीन वर्षांनी त्याचा करार संपला. असा खेळाडू आमच्याकडे अर्धाच मोकळा होतो. दुसरा संघ त्याला मागणी घालू शकतो, पण जुन्या संघाला पाच दिवस मिळतात. तेवढाच पगार देऊन त्याला ठेवा, नाहीतर सोडा. सोडलात तर भरपाई म्हणून त्या संघाची ड्राफ्टमधली एक पाळी तुमची होते. कुठल्या फेरीची, हे तुम्ही आधी त्याला किती पगार देऊ केला होता त्यावर ठरतं. भरपूर देऊ केला असेल तर पहिल्या फेरीची. स्वस्तात भागवलं असेल, तर तो मुळात ज्या फेरीत निवडला गेला तिची.

आमचे व्यवस्थापक लाइल हेंड्रिक्सन हाताने जरा आखडते.

"पगाराचं स्वस्तातलंच पत्र पाठवू," ते म्हणाले.

ओटिस कोच उसळले. "लाइल, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्याला कुठल्याच फेरीत कोणी घेतलं नव्हतं. उद्या कोणी उचलला तर बदल्यात भोपळा मिळेल, भोपळा!"

"तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही, आता कोण येतंय? तू सूप पी, गार होतंय."

आठवडाही झाला नाही तोच दक्षिणेतल्या एका संघाने मागणी घातली आणि मार्केलने सही केली. पगाराचा आकडा ऐकून लाइल खाली बसले. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घातलेली असते. मार्केलला ठेवायचं तर दोघांना काढावं लागणार होतं. त्यातला एक गुडघा निकामी झालेला ब्रॅनिगन. त्याला दुसरीकडे कोणी उभंही केलं नसतं. लाइल रोज माझ्यासमोर येत, ब्रॅनिगनची पट्टी काढत आणि पुन्हा लावत. मला त्यांचा राग आला होता, पण त्यांचा हात अंगाला लागला की कीव येई.

त्या पाच दिवसांतल्या शेवटच्या दुपारी मार्केल आला.

"येऊ का, सर?"

"ये पोरा."

"मला इथंच राहायचं होतं. आधी नीट विचारलं असतंत, तर याच्या निम्म्यावर हो म्हणालो असतो."

"चुकलंच माझं," लाइल म्हणाले. "नाही ठेवू शकत तुला. आणि तुझ्या बदल्यात आम्हाला काय मिळणार, माहीत आहे? काहीही नाही."

मार्केल हसला. "मला घेताना तुम्ही काय दिलं होतं?"

"तेही काहीच नाही," लाइल म्हणाले.

"मग फिटलं की, सर! आता ब्रॅनिगनला तेवढं हात लावू नका."

मग त्याने आपली पट्टी स्वतःच काढली आणि लाइलच्या हातात दिली. माझ्यावरची नावं नेहमी दुसरेच हलवत आले. आपलं नाव आपण काढून घेणारा मी तो पहिलाच पाहिला. मित्रांनो, मी पत्र्याचा, तरी गहिवरलो.

आता त्या भिंतीवर मोठा पडदा आहे आणि मी कोठीच्या खोलीत धूळ खात उभा आहे. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. तुम्हाला एवढंच विनवतो, माणूस जवळ असतानाच त्याची किंमत करा. ती दुसऱ्या गावाने केली की मग आपल्याला परवडत नाही.